ट्रेडिंग कार्ड गेमचा खर्च: पहिलं पाकीट फोडण्याआधी करायचा हिशेब

ट्रेडिंग कार्ड गेम हा महागडा छंद आहे, हे नवख्याला सगळ्यात आधी ऐकवलं जातं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. याच छंदात कोणी वर्षभर दर आठवड्याला खेळूनही एका चांगल्या बोर्ड गेमइतकाच खर्च करतं, आणि कोणी दोन महिन्यांत त्याच्या कित्येक पट पैसे घालून एकही धड डेक (खेळायचा कार्डांचा गठ्ठा) उभा करू शकत नाही. हे अंतर बहुतेक वेळा खरेदीच्या आधीच ठरलेलं असतं: कुठला खेळ, त्यातला कुठला फॉरमॅट (खेळण्याचा प्रकार), आणि सुटी कार्डं घ्यायची की बंद पाकिटं. हा लेख त्या निर्णयांच्या क्रमाने लिहिला आहे. ज्यांनी अजून एकही कार्ड घेतलेलं नाही त्यांनी सुरुवातीपासून वाचावा. ज्यांच्याकडे आधीच कार्डांचे डबे भरलेले आहेत त्यांनी थेट सुट्या कार्डांच्या भागापासून सुरुवात केली तरी चालेल.

एक सोय आधीच करून ठेवू. कार्डांचे भाव देशागणिक आणि आठवड्यागणिक बदलतात, म्हणून पैशांतले आकडे लवकर शिळे होतात. त्याऐवजी तुमच्या खेळाच्या एका बूस्टर पाकिटाची (आत काय आहे ते न दिसणाऱ्या बंद पाकिटाची) आजची किंमत हे एकक धरा आणि प्रत्येक खर्च पाकिटांत मोजा. ‘हे कार्ड १८ पाकिटांचं आहे’ असं स्वतःशी म्हटलं की ते महाग आहे की नाही हे चटकन कळतं, आणि दोन खेळांची तुलनाही करता येते.

हा खर्च कुठून येतो

मॅजिक: द गॅदरिंग १९९३ मध्ये आला. रिचर्ड गारफिल्ड यांनी तो रचला आणि विझार्ड्स ऑफ द कोस्टने बाजारात आणला. त्यात नवी गोष्ट अशी होती की खेळाचं सगळं साहित्य एका डब्यात मिळत नव्हतं. प्रत्येक खेळाडू बंद पाकिटं घेणार, त्यात काय निघेल हे आधी माहीत नसणार, काही कार्डं मुद्दाम कमी छापलेली असणार, आणि निघालेल्यातून प्रत्येकाने आपापला डेक बांधायचा. पोकेमॉनचा कार्ड गेम १९९६ मध्ये जपानमध्ये आला, यु-गि-ओ!चा १९९९ मध्ये, आणि अगदी अलीकडचे वन पीस किंवा डिस्ने लोरकाना हेही याच रचनेवर उभे आहेत.

मॅजिकच्या पहिल्या नियमांत एका कार्डाच्या किती प्रती डेकमध्ये ठेवायच्या यावर बंधनच नव्हतं. ज्याने जास्त पाकिटं घेतली, तो एकाच जबर कार्डाने डेक भरू शकत असे. चार प्रतींची मर्यादा नंतर आली. आज मॅजिक, पोकेमॉन आणि लोरकानात एका नावाची चार, तर यु-गि-ओ!मध्ये तीन कार्डं चालतात. मॅजिकमधल्या मूलभूत जमिनी आणि पोकेमॉनमधल्या मूलभूत एनर्जी, म्हणजे चाली करायला लागणारी ताकद देणारी साधी कार्डं, यांना ही मर्यादा नाही. ही नियमातली बारीकशी ओळ खर्चाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे, कारण यादीतलं प्रत्येक महाग कार्ड बहुधा चारदा विकत घ्यावं लागतं. १० पाकिटांचं एक कार्ड म्हणजे प्रत्यक्षात ४० पाकिटांचा खर्च.

पायरी १: आधी फुकट खेळा

मोठ्या खेळांच्या अधिकृत डिजिटल आवृत्त्या फुकट उतरवून घेता येतात: मॅजिकसाठी अरीना, पोकेमॉनसाठी टीसीजी लाइव्ह, यु-गि-ओ!साठी मास्टर ड्यूएल. तिन्हींत नियम शिकवणारे सुरुवातीचे डाव आहेत आणि पहिले डेक पदरचे पैसे न घालता मिळतात. एक-दोन महिने इथेच खेळा. आपल्याला भराभर हल्ला चढवणारा डेक आवडतो, की समोरच्याची प्रत्येक चाल अडवत डाव लांबवणारा, हे या काळात कळतं. चुकीच्या स्वभावाचा डेक हा या छंदातला फार मोठा वाया जाणारा खर्च आहे. कार्डं चांगली असतात, यादी नावाजलेली असते, आणि तरी चौथ्या-पाचव्या डावानंतर तो डेक हातात घ्यावासा वाटत नाही.

मात्र कागदी कार्डांनी खेळायचं ठरलं असेल तर या डिजिटल आवृत्त्यांत पैसे घालू नका. तिथलं कार्ड तुम्ही कोणाला विकू शकत नाही, अदलाबदलही होत नाही. कागदी कार्डाचा काही भाग तरी परत मिळतो, स्क्रीनवरच्या कार्डाचा काहीच नाही. ज्यांना कायम स्क्रीनवरच खेळायचं आहे त्यांचं गणित वेगळं. रोजची कामं पूर्ण करून मिळणारं चलन साठवत राहिलं, तर एक-दोन डेकपुरती कार्डं बिनपैशाने उभी राहतात.

पायरी २: फॉरमॅट ठरवा, कारण खरा खर्च इथे ठरतो

फॉरमॅट म्हणजे कुठली कार्डं चालतील आणि डेक कसा बांधायचा याचे नियम. एकाच खेळातल्या दोन फॉरमॅटच्या खर्चात कित्येक पटींचा फरक असू शकतो, आणि नवखे लोक नेमका हाच प्रश्न विचारायचा विसरतात. म्हणून इथे थोडं थांबू.

पहिला प्रकार फिरत्या फॉरमॅटचा. मॅजिक आणि पोकेमॉन दोन्हींत त्याला स्टँडर्ड म्हणतात. नवे संच (एकत्र बाजारात येणाऱ्या कार्डांचे समूह) आत येतात, जुने ठरावीक काळाने बाहेर पडतात. मॅजिकमध्ये २०२३ पासून संच साधारण तीन वर्षं टिकतो, आधी हा काळ दोन वर्षांचा होता. पोकेमॉनमध्ये कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात एक छोटं अक्षर छापलेलं असतं आणि ठरावीक अक्षरांचीच कार्डं त्या काळात चालतात. इथे सुरुवातीचा खर्च आटोक्यात राहतो, पण तो एकदाच होत नाही. डेकमधली कार्डं बाद होतात, त्यांची मागणी उतरते, भावही उतरतो. म्हणून फिरत्या फॉरमॅटमध्ये कार्ड घेताना ‘हे अजून किती काळ चालेल’ हे आधी बघायचं. सहा महिन्यांत बाहेर पडणारं आणि अडीच वर्षं टिकणारं कार्ड एकाच भावाचं असेल, तर पहिलं पाच पट महाग आहे.

पोकेमॉनबद्दल एक दिलासा देणारी गोष्ट. जुनं कार्ड त्याच नावाने आणि त्याच मजकुराने पुन्हा छापलं गेलं, की जुनी प्रतही स्टँडर्डमध्ये चालते. अल्ट्रा बॉल किंवा बॉसेस ऑर्डर्ससारखी ट्रेनर कार्डं अशी वारंवार छापली गेली आहेत. त्यांचे चार-चार नग एकदा घेऊन ठेवले की पुढचे कित्येक डेक त्यांच्यावर बांधता येतात. स्पर्धेत टिकणारा डेक परवडण्याच्या बाबतीत मला मोठ्या खेळांत पोकेमॉनच सगळ्यात सोयीचा वाटतो.

दुसरा प्रकार न फिरणाऱ्या फॉरमॅटचा. मॅजिकमधला मॉडर्न घ्या किंवा यु-गि-ओ!चा नेहमीचा स्पर्धात्मक खेळ. इथे कार्ड कागदोपत्री कायम चालतं, त्यामुळे ‘एकदा घेतलं की झालं’ असा समज होतो. तो पुरता खरा नाही. यु-गि-ओ!मध्ये रोटेशन, म्हणजे जुने संच बाहेर पडणं, नाही, पण बंदी आणि मर्यादेची यादी वरचेवर बदलते आणि नव्या संचांतली कार्डं जुन्यांपेक्षा ताकदवान येत राहतात. त्यामुळे नियमाने चालणारा डेक प्रत्यक्षात हरत राहतो. मॅजिकच्या न फिरणाऱ्या फॉरमॅटमध्ये सुरुवातीचा आकडाच मोठा असतो, आणि त्याचा बराच वाटा दोन-तीन रंगांची मॅना (कार्डं खेळायला लागणारी ताकद, जी कार्डांच्या रंगानुसार वेगळी असते) देणाऱ्या जमिनींचा असतो. त्या जमिनी मात्र एका डेकमधून दुसऱ्यात जातात. एकरंगी डेकपासून सुरुवात केली तर हा भार जवळजवळ पूर्णच टळतो, कारण मूलभूत जमिनी कुठेही नाममात्र भावात मिळतात.

तिसरा मॅजिकमधला कमांडर. १०० कार्डांचा डेक, मूलभूत जमिनी सोडल्या तर प्रत्येक कार्डाची एकच प्रत, आणि बहुधा चौघांचा डाव. एकच प्रत लागत असल्याने वर सांगितलेला चौपटीचा प्रश्न इथे येत नाही, आणि रोटेशनही नाही. घरगुती खेळासाठी हा फॉरमॅट खिशाला हलका पडू शकतो. पण कमांडरला वरची सीमा नाही. आज एक जमीन, उद्या एक चकाकणारं फॉइल कार्ड, परवा दुसरा डेक, अशी भर पडत जाते. त्यावर माझ्या पाहण्यातला चांगला उपाय म्हणजे गटाने मिळून ठरवलेली कमाल मर्यादा: अमुक पाकिटांपेक्षा जास्त किमतीचा डेक टेबलावर आणायचा नाही. चौघांनी ती पाळली तर डावही अटीतटीचे होतात.

चौथा पॉपर. मॅजिकमध्ये जी कार्डं कधी ना कधी कॉमन (सर्वांत सहज निघणारी) म्हणून छापली गेली, तेवढीच इथे चालतात. २०१९ पासून त्याला अधिकृत मान्यता आहे. कॉमन म्हटल्यावर हा दुय्यम खेळ असेल असं वाटतं, पण पॉपरचे डाव कसलेले आणि बुद्धीला ताण देणारे असतात. संपूर्ण डेकचा खर्च अनेकदा इतर फॉरमॅटमधल्या एकाच महागड्या कार्डाइतका येतो. ज्यांना मॅजिक खेळायचं आहे आणि पैसे मोजून खर्च करायचे आहेत, त्यांना मी आधी पॉपरचंच नाव सांगतो.

पाचवा ड्राफ्ट. टेबलाभोवती आठ जण, प्रत्येकापुढे तीन पाकिटं. प्रत्येकाने एक कार्ड निवडून उरलेली शेजाऱ्याकडे सरकवायची आणि शेवटी हातात आलेल्यातून ४० कार्डांचा डेक बांधायचा. आधीचा संग्रह शून्य असला तरी सगळे समान पातळीवर असतात, म्हणून अनुभव फार सुंदर असतो. पण दर आठवड्याला खेळलं तर वर्षाची १५६ पाकिटं होतात, वर प्रवेश फी. अधूनमधून करायची गोष्ट म्हणून ड्राफ्ट स्वस्त, नेम म्हणून सगळ्यात महाग.

ठरवताना आणखी एक पाहा: तुमच्या ओळखीचे लोक काय खेळतात. कितीही परवडणारा फॉरमॅट निवडला आणि समोर बसायला कोणी नसलं, तर तो सगळाच खर्च वाया.

पायरी ३: सुरुवात तयार डेकने

कंपन्या स्वतः बांधलेले डेक विकतात आणि त्यात काय आहे हे डब्यावर किंवा प्रसिद्ध यादीत लिहिलेलं असतं. आंधळी खरेदी नसल्यामुळे नवख्यासाठी याहून बरी सुरुवात नाही. मॅजिकचे तयार कमांडर डेक २०११ पासून येतात आणि पाकिटातून काढले की लगेच खेळता येतात. पोकेमॉनचे लीग बॅटल डेक स्पर्धेत नेण्याच्या बरेच जवळचे असतात. यु-गि-ओ!मध्ये जुन्या खेळाडूंची एक रीत आहे: आवडलेल्या स्ट्रक्चर डेकचे तीन संच घ्यायचे. एका कार्डाच्या तीन प्रती चालतात, त्यामुळे तीन संचांतून गाभा पूर्ण उभा राहतो आणि सुटी कार्डं मोजकीच लागतात.

एक सावधगिरी. पोकेमॉनच्या जागतिक स्पर्धेतल्या विजेत्या डेकच्या प्रतिकृतीही विकायला येतात. त्यांची पाठ वेगळी छापलेली असते आणि त्या अधिकृत स्पर्धेत चालत नाहीत. घरी सरावासाठी मात्र त्या उत्तम आणि स्वस्त आहेत.

तयार डेकने निदान दहा-बारा डाव खेळा, मगच त्यात बदल करा. कुठलं कार्ड हातात आलं की जीव चुटपुटतो, याची नोंद ठेवा आणि एका वेळी चार-पाच कार्डंच बदला. डेक विकत घेतल्याच्या दिवशीच त्याची अर्धी कार्डं बदलणाऱ्याने खरं तर दोन डेकचे पैसे दिलेले असतात.

पायरी ४: सुटी कार्डं की पाकिटं

आता गणित करू, कारण या छंदातले बहुतेक पैसे याच ठिकाणी गळतात.

समजा एका संचात ६० रेअर (दुर्मीळ) कार्डं आहेत, सगळी सारख्याच प्रमाणात छापलेली, आणि दर पाकिटात एक रेअर निघतं. तुम्हाला त्यातलं एक ठरावीक कार्ड हवंय. एका पाकिटात ते निघण्याची शक्यता ६० त १. ‘मग ६० पाकिटं घेतली की मिळेलच’ असं वाटतं, पण तसं होत नाही. ६० पाकिटं फोडणाऱ्या शंभर जणांपैकी सुमारे ३६ जणांना ते कार्ड एकदाही मिळत नाही. ३६ पाकिटांचा पूर्ण बॉक्स घेतला तर शक्यता साधारण ४५ टक्के, म्हणजे निम्म्याहून कमी. आणि डेकसाठी चार प्रती हव्या असतील तर सरासरी २४० पाकिटं लागतील.

कार्ड त्याहून दुर्मीळ असेल तर हे आकडे आणखी कठोर होतात. मॅजिकमध्ये २००८ पासून मिथिक रेअर हा वरचा स्तर आहे. २० मिथिक कार्डं आणि साधारण दर आठ पाकिटांमागे एक मिथिक असं धरलं, तर ठरावीक मिथिक निघण्याची शक्यता १६० त १. पूर्ण बॉक्समध्ये ती जेमतेम २० टक्के.

आता तेच कार्ड सुटं १५ पाकिटांच्या भावात मिळत असेल तर? पहिल्यांदा ऐकताना ‘एका कागदाच्या तुकड्याला एवढे’ असं वाटतं. वरचे आकडे समोर ठेवले की ते स्वस्त आहे हे दिसतं.

यावर नेहमी येणारा आक्षेप रास्त आहे: पाकिटांतून इतरही कार्डं निघतात, ती विकता येतील की. येतात. पण दुकानदार आणि मोठे विक्रेते बॉक्स घाऊक भावात घेऊन फोडत असतात. संचातल्या सुट्या कार्डांची एकूण किंमत बॉक्सच्या किमतीहून वर गेली, की ते आणखी बॉक्स फोडतात, बाजारात कार्डं वाढतात आणि भाव खाली येतात. त्यामुळे छपाई चालू असलेल्या संचात किरकोळ भावाने पाकिटं घेणाऱ्याच्या हाती सरासरीने पाकिटांपेक्षा कमीच किंमत उरते. शिवाय ती किंमतही दोन-तीन कार्डांत एकवटलेली असते. बाकीचा ढीग कॉमन कार्डांचा, जो विकायला गेलं तर वजनावर किंवा हजारांच्या हिशेबात जातो.

म्हणून नियम साधा ठेवा: डेकसाठी सुटी कार्डं, गंमतीसाठी पाकिटं. पाकीट फोडण्यात मजा आहे आणि ती मजा विकत घेण्यात काही वावगं नाही. फक्त ती करमणूक म्हणून मोजा, डेकचा खर्च म्हणून नाही. महिन्याला किती पाकिटं हे आधी ठरवा आणि हवं ते निघालं नाही तरी त्या आकड्यावर थांबा. ‘आता एवढी घेतली, पुढच्यात नक्की निघेल’ हा विचार मनात आला की त्या दिवशीची खरेदी बंद करा. आधीच्या रिकाम्या पाकिटांनी पुढच्या पाकिटातली शक्यता तसूभरही वाढत नाही. घरात लहान मुलं हा खेळ खेळत असतील तर हे त्यांना आकड्यांनिशी समजावून सांगा. पाकीट हे सोडतीच्या तिकिटासारखंच काम करतं, आणि मुलांना ते मोठ्यांपेक्षा जास्त खेचतं.

ओळखीच्या नसलेल्या माणसाकडून सुटी, बॉक्सबाहेरची पाकिटं घेऊ नका. चकाकणाऱ्या फॉइल कार्डामुळे वजनात पडणारा बारीक फरक तोलून भारी पाकिटं आधीच बाजूला काढली जाण्याचा धोका असतो, विशेषतः जुन्या संचांत.

पायरी ५: कधी घ्यायचं

नवा संच येतो त्या आठवड्यात भाव सर्वांत फुगलेले असतात. मागणी सगळ्यांची, आणि पाकिटं अजून पुरती फुटलेली नाहीत. पुढच्या काही आठवड्यांत पुरवठा वाढतो आणि बहुतेक कार्डं उतरतात. एखादं कार्ड मोठ्या स्पर्धेत चमकलं तर वर जातं, पण अशी थोडीच. स्पर्धेची तारीख डोक्यावर नसेल तर महिनाभर थांबणं हा फुकटात मिळणारा सवलतीचा मार्ग आहे. याच्या उलट, मोठ्या स्पर्धेनंतरच्या दोन दिवसांत विजेत्या डेकची कार्डं कधीही घेऊ नका.

पुनर्मुद्रणाकडे लक्ष ठेवा. यु-गि-ओ!चे टिनचे डबे आदल्या काळातली महागडी कार्डं परत आणतात आणि भाव कोसळतात. मॅजिकमध्ये काही जुनी कार्डं पुन्हा छापणार नाही असं वचन कंपनीने १९९६ मध्ये दिलं आणि ती ‘रिझर्व्ह्ड लिस्ट’ आजही पाळली जाते. त्या यादीतल्या कार्डांचा भाव खेळण्यापेक्षा संग्रहामुळे ठरतो. साध्या खेळाडूने त्या वाटेला न गेलेलं बरं.

बंदीचा धोका मात्र कोणालाच चुकत नाही. २३ सप्टेंबर २०२४ रोजी कमांडरमध्ये मॅना क्रिप्ट, ज्वेल्ड लोटस आणि डॉकसाइड एक्स्टॉर्शनिस्ट यांच्यावर एकाच घोषणेत बंदी आली. ज्वेल्ड लोटसचा तर कमांडरबाहेर काही उपयोगच नव्हता, त्यामुळे त्याचा भाव घसरणार हे उघडच होतं. ज्यांनी ही कार्डं ठेव म्हणून घेतली होती त्यांना मोठा फटका बसला. अतिशय ताकदवान, सगळ्याच डेकमध्ये दिसणारं आणि फक्त एकाच फॉरमॅटमध्ये चालणारं कार्ड घेताना ते उद्या बाद झालं तर चालेल का, हे स्वतःला विचारा. गुंतवणूक म्हणून कार्डं घेण्याचा सल्ला मी कोणालाच देत नाही.

पायरी ६: कुठली प्रत घ्यायची

खेळाच्या दृष्टीने एकाच नावाच्या सगळ्या प्रती सारख्या. साधी छपाई, फॉइल, पूर्ण चित्राची खास आवृत्ती, सगळ्यांची चाल एकच. पोकेमॉनमध्ये तर एकाच कार्डाची साधी प्रत आणि खास चित्राची दुर्मीळ प्रत यांच्या किमतीत प्रचंड तफावत असते. बातम्यांत झळकणाऱ्या डोळे फिरवणाऱ्या किमती अशाच प्रतींच्या असतात. आधी सगळा डेक सर्वांत स्वस्त प्रतींत पूर्ण करा. वर्षभर खेळल्यावरही एखादं कार्ड लाडकं राहिलं, तर त्याची देखणी प्रत घ्या. तेव्हा तिचा आनंदही खरा असतो. फॉइल कार्डं हवेतल्या दमटपणामुळे वाकतात, आणि वाकलेलं कार्ड गठ्ठ्यात ओळखू येत असेल तर स्पर्धेत पंच ते खुणेचं कार्ड ठरवू शकतात, हेही लक्षात असू द्या.

कार्डाच्या अवस्थेचे ठरलेले दर्जे आहेत: निअर मिंट, लाइटली प्लेड, मॉडरेटली प्लेड, हेवीली प्लेड आणि डॅमेज्ड. स्लीव्हमध्ये (कार्डाच्या प्लास्टिकच्या आवरणात) घालून खेळायचं असेल तर लाइटली प्लेड पुरेसं असतं आणि निअर मिंटपेक्षा स्वस्त पडतं. मॉडरेटली प्लेड घेताना मुडपलेला कोपरा नाही ना, तेवढं फोटोत पाहा.

भाषेचा नियम खेळागणिक वेगळा आहे. मॅजिकमध्ये अस्सल कार्ड कुठल्याही भाषेतलं असलं तरी स्पर्धेत चालतं. पोकेमॉन आणि यु-गि-ओ!मध्ये तसं नाही, तिथे प्रदेशानुसार भाषा ठरलेल्या आहेत. जपानी प्रत स्वस्त दिसली म्हणून चार घेतल्या आणि स्पर्धेत चालल्या नाहीत, असं अनेकांचं होतं.

नकली कार्ड ओळखायला एक साधं भिंग घ्या. अस्सल छपाईत चित्राचे रंगीत ठिपके ठरावीक नक्षीत दिसतात आणि काळी अक्षरं मात्र ठाशीव, सलग असतात. नकलेत अक्षरांच्या कडाही अनेकदा ठिपक्यांत फुटलेल्या दिसतात. खात्रीच्या कार्डाशेजारी ठेवून पाहिल्याशिवाय महागडं कार्ड पदरात घेऊ नका.

पायरी ७: आजूबाजूचा खर्च

स्लीव्ह, डेकचा डबा, खेळायची चटई, फासे, प्रवेश फी, येण्याजाण्याचं भाडं, टपालखर्च. स्लीव्हवर कंजूषी नको, कारण घासलेलं कार्ड दर्जा गमावतं आणि पुढे विकताना तो तोटा दिसतो. मापं वेगळी आहेत: मॅजिक आणि पोकेमॉनचं कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं, यु-गि-ओ!चं ५९ बाय ८६ चं, त्याला लहान स्लीव्ह लागते. पीव्हीसीच्या स्लीव्ह आणि जुन्या पद्धतीचे फोटोअल्बम टाळा, पॉलिप्रॉपिलीनच्या घ्या. चटई दहा वर्षं टिकते, म्हणून ती हौसेने घेतली तरी बिघडत नाही. टपालखर्च मात्र गुपचूप वाढतो. पाच विक्रेत्यांकडून एकेक कार्ड घेण्यापेक्षा यादी साठवून एकाच विक्रेत्याकडून घेतलं, तर दोन कार्डं किंचित महाग पडली तरी एकूण बिल कमी येतं.

पायरी ८: मित्रमंडळींत खेळत असाल तर

अधिकृत स्पर्धांत जायचं नसेल, तर वरचा बराचसा खर्च तुम्हाला करावाच लागत नाही.

गटाने मिळून एक क्यूब बांधा. क्यूब म्हणजे आपण निवडलेल्या कार्डांचा कायमचा संच, ज्याचा पुन्हा पुन्हा ड्राफ्ट करता येतो. आठ जणांना प्रत्येकी १५ कार्डांचे तीन गठ्ठे लागतात, म्हणजे ३६० कार्डं. फक्त कॉमन कार्डांचा क्यूब बांधला तर खर्च फारच थोडा येतो आणि आठ जणांत वाटला की जाणवतही नाही. चार जण असाल तर १८० कार्डं पुरतात. खेळून झालं की सगळी कार्डं डब्यात परत, पुढच्या वेळी नवा डाव. पाकिटं न घेता ड्राफ्टचा सगळा आनंद देणारा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

प्रॉक्सी, म्हणजे जुन्या कार्डावर नाव लिहून किंवा साध्या कागदावर छापून स्लीव्हमध्ये घातलेलं तात्पुरतं कार्ड, घरच्या खेळात सगळ्यांच्या संमतीने वापरायला हरकत नाही. महागडं कार्ड घेण्याआधी दहा डाव प्रॉक्सीने खेळून पाहणं हा शहाणपणाचा सराव आहे. अधिकृत स्पर्धेत ती चालत नाहीत, आणि अस्सल म्हणून खपवणं ही सरळ फसवणूक आहे.

आंधळी पाकिटंच नको असतील तर त्या प्रकारचेही कार्ड गेम आहेत. अर्कहम हॉरर किंवा मार्व्हल चॅम्पियन्सच्या प्रत्येक डब्यात काय आहे हे ठरलेलं असतं. डेक बांधण्याची मजा मिळते आणि दुर्मीळतेचे पैसे द्यावे लागत नाहीत. हे दोन्ही खेळ सगळ्यांनी एका बाजूने, सहकार्याने खेळायचे आहेत. समोरासमोरची झुंज हवी असेल तर नेटरनर पाहा. फॅन्टसी फ्लाइट गेम्सने तो २०१८ मध्ये बंद केला, पण चाहत्यांच्या संस्थेने नवी कार्डं काढत तो चालू ठेवला आहे.

पायरी ९: वही ठेवा

खरेदीचा आकडा म्हणजे खर्च नव्हे. खर्च म्हणजे खरेदी वजा विक्रीतून परत आलेलं. एक उदाहरण मांडतो. डेक ४० पाकिटांना घेतला, स्लीव्ह आणि डब्याला ३, वर्षभराच्या प्रवेश फीला १२, एकूण ५५. वर्षाअखेर डेक २० पाकिटांच्या भावाने विकला. निव्वळ खर्च ३५. त्या वर्षात ५० संध्याकाळी खेळलात, तर एका संध्याकाळीला पाऊण पाकिटाहूनही कमी पडलं. त्याच ५० संध्याकाळी ड्राफ्ट केला असता तर १५० पाकिटं लागली असती. वहीत चार रकाने पुरेत: तारीख, काय घेतलं, किती पाकिटांना, आणि ते कुठल्या डेकसाठी. चौथा रकाना रिकामा राहू लागला, की तुम्ही खेळासाठी नव्हे तर साठवण्यासाठी खरेदी करत आहात. संग्रह करायचा असेल तर खुशाल करा, त्याचं पान वेगळं ठेवा.

विकण्याचे तीन मार्ग आहेत. दुकान लगेच घेतं, पण बाजारभावाचा एक हिस्साच देतं. रोख पैशांऐवजी दुकानातली जमा घेतली तर बहुधा थोडं जास्त देतं. टीसीजीप्लेयर किंवा कार्डमार्केटसारख्या बाजारात स्वतः विकलं तर भाव बरा मिळतो, पण कमिशन, टपाल आणि तुमचा वेळ जातो. तिसरा मार्ग खेळाडूंमधली अदलाबदल. यात मध्ये कोणाचाच वाटा जात नाही, म्हणून नको असलेल्या कार्डाचं मोल इथे सर्वांत जास्त टिकतं. भाव पाहताना विक्रेत्याने मागितलेली किंमत धरू नका, प्रत्यक्ष झालेल्या विक्रीची किंमत धरा.

ग्रेडिंगचा मोह बहुतेकांनी टाळावा. पीएसए, बेकेट यांसारख्या संस्था कार्डाला १० पैकी गुण देऊन बंद खोक्यात घालतात. फी, टपाल आणि विमा मिळून इतका खर्च येतो की साध्या कार्डाला तो परवडतच नाही. शिवाय खोक्यात गेलेलं कार्ड डेकमध्ये येत नाही.

छंदातून काही काळ बाहेर पडणार असाल तर विकण्याचा क्रम सांभाळा. फिरत्या फॉरमॅटमधली, लवकरच बाद होणारी कार्डं आधी आणि रोटेशनच्या काही महिने अलीकडे विका, कारण शेवटच्या आठवड्यांत सगळेच विकायला निघतात. त्यानंतर बंदीची चर्चा चालू असलेली कार्डं. बहुरंगी जमिनी आणि सगळ्या डेकांत लागणारी कार्डं शेवटपर्यंत ठेवा, परत यावंसं वाटलं तर तीच पुन्हा घेताना सर्वांत महाग पडतात. पॉपरचा डेक आणि क्यूब विकून हाती फारसं काही येत नाही. ते तसेच डब्यात ठेवा, दोन वर्षांनी उघडले तरी लगेच खेळता येतील.